रबरबँडवर उडणारं बाल्सा लाकडाचं खेळणं दुप्पट आकारात, रेडिओ-रिमोटवर: एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी पट्टी) लावू का?

नमस्कार मंडळी,

बहिणीने अमेरिकेहून भाच्यासाठी स्काय स्ट्रीक आणलं. मॅसॅच्युसेट्समधल्या वेकफील्डच्या गिलोज कंपनीचं (स्थापना 1926) हे बाल्साचं विमान: एक दांडी, कागदासारखा पातळ पंख, पुढे प्लॅस्टिकचा प्रॉपेलर, खाली ताणलेलं रबर. भाच्यापेक्षा मीच जास्त खेळतोय.

आता तेच रूप दुप्पट करून रेडिओवर उडवायचंय. पंख 60 सेंमी लांब, 10 सेंमी रुंद, म्हणजे 6 चौरस डेसिमीटर. वजनाचा अंदाज: 3 मिमी डेप्रॉनचे (हलक्या फोमच्या शीटचे) पंख-शेपूट 10 ग्रॅम, कार्बन नळी 5, गिअरवाली छोटी मोटर आणि प्रॉपेलर 8, एका सेलची लायपो बॅटरी 8, दोन छोट्या सर्वोंसकट (पट्ट्या हलवणाऱ्या मोटरींसकट) रिसिव्हर 5, वायर-गोंद धरून एकूण 40 ग्रॅमच्या आत. बाल्साच घ्यावं असं मनापासून वाटतं, पण दीड मिमी बाल्साचा नुसता पंखच 12 ग्रॅमच्या आसपास जातो.

अडचण अशी. मूळ खेळण्याच्या पंख-शेपटीत हलणारा एकही भाग नाही, म्हणून मला फक्त रडर (वळवणारी शेपटीची उभी पट्टी) आणि थ्रॉटल (मोटरचा वेग) ठेवायचंय. पण थ्रॉटल दिल्यावर नाक वर जाऊन विमान स्टॉल होईल (उचल संपून खाली पडेल) का? की मुकाट्याने एलेव्हेटर लावू? शिवाय रबराचं वजन दांडीभर पसरलेलं असतं, इथे मोटर अगदी टोकाला. मग सीजी (विमानाचा तोल साधणारा बिंदू) कुठे धरू?

प्रतिसाद:

एलेव्हेटर नको, खेळण्याची गंमतच जाईल. वेग वाढला की पंखाची उचल वाढते आणि नाक वर जातं, म्हणून मोटर 3-4 अंश खाली झुकवून बसवा, अंशभर उजवीकडेही. सीजी पंखाच्या पुढच्या कडेपासून 25 ते 30 मिमीवर धरा. बॅटरी वेल्क्रोने लावा, म्हणजे पुढेमागे सरकवता येईल.

पंखाची टोकं मात्र चांगली वर उचला. त्या कोनाशिवाय नुसत्या रडरने विमान नीट कलणार नाही, सपाटच घसरत वळेल. डेप्रॉनच्या पंखाला गरम हवेने पुढून मागे हलकी कमान द्या, सपाट ठेवू नका.

आणि बाल्साचा मोह असेल तर तो शेपटीत भागवू नका. तिथे वाढलेल्या प्रत्येक ग्रॅमसाठी नाकात दोन-तीन घालावे लागतात.

एवढं हलकं विमान ताशी 15 किमीच्या आसपास उडेल. दुपारच्या वाऱ्यात ते मागे मागे जाईल, तेव्हा सकाळी लवकर मैदान गाठा.