टिक्स गेलं, टेबललिस्ट सापडेना (पायथन, टीकिंटर, विंडोज) – मदत हवी आहे

मंडळी, जरा अडलोय.

आमच्या मामांचं तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र आहे. कॉलेजात असताना मी त्यांना साठ्याच्या नोंदीसाठी पायथनमध्ये एक सॉफ्टवेअर करून दिलं होतं. खिडक्या टीकिंटरच्या (पायथनसोबत येणारी खिडक्या बनवायची लायब्ररी) आणि त्यावर टिक्स या तिच्या जोडीची विजेट्स, म्हणजे याद्या, घरं वगैरे. इतकी वर्षं तक्रार नव्हती. गेल्या महिन्यात जुना कॉम्प्युटर बसला, नवा आला. मी त्यावर पायथन ३.१३ टाकलं आणि सॉफ्टवेअर पहिल्याच ओळीला आडवं झालं: टीकिंटर.टिक्स नावाचं मॉड्यूलच नाही. शोधल्यावर कळलं की टिक्स ३.६ पासूनच 'वापरू नका'च्या यादीत होतं, ३.१३ मध्ये काढूनच टाकलं. चूक माझी, एवढ्या वर्षांत कोडकडे फिरकलो नाही.

आता मला एक तक्ता हवाय, ज्यात दराच्या घरावर क्लिक करून तिथल्या तिथे आकडा बदलता येईल. दर बदलायला वेगळी खिडकी उघडायची म्हटलं की मामा वही काढतात. टीकिंटरमधल्याच टीटीकेच्या ट्रीव्ह्यू या तक्त्यात ही सोय आयती नाही. म्हणून टेबललिस्ट ही जोड-लायब्ररी उतरवून घेतली. घरी उबुंटूवर मस्त चालली. दुकानातल्या विंडोजवर मात्र एकच रड: 'कान्ट फाइंड पॅकेज टेबललिस्ट_टाइल'.

कोड असा आहे (मोबाइलवरून मराठी कळफलकावर लिहितोय, उच्चारावरून समजून घ्या):

रूट.टीके.इव्हॅल(आर"लॅपेंड ऑटो_पाथ डी:\टूल्स\न्यू")
रूट.टीके.इव्हॅल("पॅकेज रिक्वायर टेबललिस्ट_टाइल")

फोल्डर जागेवर आहे, दहादा पाहिलं. तीन रात्री गेल्या. कुणी सांगेल का?

पाटलांचा पोऱ्या: टीके (टीकिंटरचा गाभा) अजून वापरतं कोण? पायसाइड घ्या (क्यूटी ही दुसरी खिडक्यांची लायब्ररी पायथनमधून वापरायला), क्यूटीच्या तक्त्यात घरातल्या घरात बदल करणं आयतं मिळतं.

धागाकर्ता: अडीच हजार ओळी आहेत हो. पुन्हा लिहायच्या तर मामा पुढच्या खरिपापर्यंत वहीवरच राहतील.

जुना खेळाडू: क्यूटी चांगलंच आहे, पण प्रश्न तो नाही.

धागाकर्ते, आधी दोन गोष्टी तपासा. एक, झिप उघडताना विंडोज बऱ्याचदा फोल्डरात त्याच नावाचं फोल्डर करतं. टीकिंटरच्या पोटात टीसीएल ही दुसरी भाषा चालते. टीसीएल पॅकेज शोधताना ऑटो_पाथ या यादीतल्या प्रत्येक फोल्डरात आणि त्याच्या फक्त एक पायरी खालच्या फोल्डरांत 'पीकेजीइंडेक्स.टीसीएल' ही फाइल बघतं. दोन पायऱ्या खाली असेल तर ते तिथवर उतरत नाही. दोन, ऑटो_पाथ खरंच काय झालाय ते छापून बघा: प्रिंट(रूट.टीके.कॉल("सेट", "ऑटो_पाथ")).

धागाकर्ता: फोल्डरात फोल्डर होतंच! ते सरळ केलं, तरी तीच चूक. ऑटो_पाथ छापला. शेवटी 'डी:\टूल्स\न्यू' असंच येतंय, अगदी बरोबर.

टिकली: बरोबर येतंय हीच गडबड आहे :)

ती यादी पायथनकडे टपल (पायथनची न बदलणारी यादी) होऊन येते आणि टपल छापताना आतल्या मजकुराचं खास चिन्हांसकट रूप दिसतं. त्या रूपात खरा बॅकस्लॅश दोनदा दिसायला हवा. तुम्हाला एकेकच दिसला, म्हणजे ते बॅकस्लॅश नाहीतच. यादीवर लूप फिरवून एकेक फोल्डर वेगळं छापा.

धागाकर्ता: अरे देवा. 'डी:' नंतर मोठी मोकळी जागा, मग टूल्सचं शेपूट, आणि 'न्यू'चं शेपूट तर खालच्या ओळीत! पण मी तर आधी 'आर' लावला होता?

टिकली: 'आर' पायथनला सांगतो की बॅकस्लॅशला हात लावू नकोस. पायथनने ऐकलं. पण इव्हॅलमध्ये दिलेला मजकूर नंतर टीसीएल वाचतं आणि त्याला तुमचा 'आर' ठाऊकच नाही. टूल्समधला टी बॅकस्लॅशसोबत टॅब झाला, न्यूमधला एन नवी ओळ. यात लॅपेंड (यादीत भर घालणारी आज्ञा) कुरकुरत नाही, असल्या नावाचं फोल्डर नाही म्हणून कुणी विचारत नाही. चूक उगवते ती थेट पॅकेज मागताना.

उपाय साधा. इव्हॅलऐवजी कॉल वापरा आणि शब्द सुटे द्या:

रूट.टीके.कॉल("लॅपेंड", "ऑटो_पाथ", आर"डी:\टूल्स\न्यू")

सुटा दिलेला शब्द टीसीएल पुन्हा फोडत नाही. उद्या मामांनी फोल्डरच्या नावात मोकळी जागा सोडली तरी चालेल.

जुना खेळाडू: +१. आणि उबुंटूवर का चाललं? तिथे बॅकस्लॅश नसतोच हे एक. पण माझा अंदाज, तुम्ही कधीतरी टीकेलिब बसवलं असणार. डेबियन-उबुंटूच्या त्या पॅकेजात टेबललिस्ट असते आणि ती जागा ऑटो_पाथमध्ये आधीच असते. म्हणजे घरी तुमची पहिली ओळ काढून टाकली असती तरी सगळं चाललं असतं.

धागाकर्ता: खरंय, टीकेलिब आहे. ओळ काढून पाहिली, तरी चालतंय. तीन रात्री मी त्या ओळीला खरी मानत होतो.

विंडोजवर आता पॅकेज सापडलं, तक्ता उघडला. पण 'निंबोळी पेंड' लिहिली की निंबोळी पहिल्या रकान्यात आणि पेंड नगाच्या रकान्यात! दर बिचारा शेवटून बाहेरच.

टिकली: ओळ कशी घालता? नाव, नग, दर मोकळी जागा ठेवून एका मजकुरात जोडता ना? टेबललिस्ट प्रत्येक ओळ टीसीएलची यादी म्हणून वाचते आणि टीसीएलची यादी मोकळ्या जागेवर तुटते. मजकूर जोडू नका, टपल द्या: ("निंबोळी पेंड", ४०, दर). टीकिंटर त्याची नीट यादी करून देतं.

आणि प्रत्येक ठिकाणी कॉल लिहीत बसू नका. पॅकेज आणल्याने टीसीएलला नवी आज्ञा कळते, पायथनला काहीच कळत नाही. टीकिंटरच्या विजेट वर्गाचा एक पोटवर्ग करा, त्याच्या सुरुवातीला 'टेबललिस्ट::टेबललिस्ट' हे नाव द्या आणि इन्सर्ट, रकाना बदलणं वगैरे लागतील तेवढ्या पद्धती चार-चार ओळींत लिहा. दराच्या रकान्याला एडिटेबल चालू करा. सॉर्टमोड रिअल ठेवा, नाहीतर तो आकडे अक्षरांसारखे लावतो आणि १३५० रुपये २६६ च्या वर जाऊन बसतात.

खटपट्या: वाखूसा (वाचनखूण साठवली). माझं टीकेडीएनडीचं (फाइल ओढून खिडकीत टाकायची जोड) घोडं असंच अडलंय, पोटवर्गाची युक्ती तिथे चालेल का?

जुना खेळाडू: चालेल, पण तिथे फाइलीही बघा. टेबललिस्ट निव्वळ टीसीएलमध्ये लिहिलेली आहे, त्याच फाइली विंडोज-लिनक्स कुठेही चालतात. टीकेडीएनडीमध्ये सी भाषेतला भाग आहे, तुमच्या टीसीएलशी आणि ३२/६४ बिटशी जुळणारी डीएलएल (विंडोजवरची तयार कोडची फाइल) लागते. तुमचा वेगळा धागा काढा, इथे गोंधळ नको.

धागाकर्ता: टपलने काम झालं, निंबोळी पेंड एका घरात आली! शेवटचं एकच. दर बदलून एंटर मारलं की घरात इंग्रजीत 'नन' उमटतं. मामा विचारताहेत, हे कोण?

टिकली: बदल संपल्यावर चालणाऱ्या तुमच्या फंक्शनमध्ये रिटर्न नाही. टेबललिस्ट त्या फंक्शनला विचारते, 'घरात काय ठेवू?' तुम्ही दर फाइलीत लिहिता आणि गप्प बसता. पायथनचं गप्प बसणं म्हणजे नन, तेच मजकूर होऊन घरात जातं. शेवटी नवा आकडा रिटर्न करा.

धागाकर्ता: झालं! मामांनी स्वतः युरियाचा दर बदलून बघितला, दोनदा. आता म्हणताहेत अक्षर मोठं पाहिजे.

टिकली: फॉन्ट नावाचाच पर्याय आहे, तक्ता बनवतानाच द्या. त्यासाठी नवा धागा काढू नका.