'चांदोबा भागलास का?' मधला 'भागलास' मुलांना कसा सांगायचा?

पारिजात
बंगळूरच्या आमच्या मराठी बालवर्गासाठी पारंपरिक बडबडगीतांची सचित्र पुस्तिका करतोय. चित्रं काढणारी मुलगी लखनौची, मराठी बऱ्यापैकी समजतं तिला. 'चांदोबा चांदोबा भागलास का, लिंबोणीच्या झाडामागे लपलास का' यासाठी तिनं पाठवलेल्या चित्रात चांदोबाला पाय आहेत, आणि तो मागे वळून बघत झाडाकडे धूम पळतोय. भागलास म्हणजे पळालास, पळाला म्हणूनच लपला, असा तिचा सरळ हिशोब. वर्गात विचारलं तर बहुतेक मुलांनी हाच अर्थ सांगितला, घरात रोज मराठी बोलणाऱ्यांनीसुद्धा. एका पालकांनी सुचवलं, 'थकलास' करून टाका. शब्द बदलायला माझं मन धजत नाही. मग चित्र बदलून घेऊ, की खाली टीप देऊ? आणि 'भागणे' तुमच्या बोलण्यात अजून आहे का?

अक्षरवेडा
चित्र बदला. यात दोन मतं व्हायचं कारण नाही. भागणे म्हणजे थकणे, दमणे. मोल्सवर्थ (१८५७ची आवृत्ती) उघडा, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश उघडा. 'थकलाभागला' ही जोडी आपण आजही वापरतो, अभंगांत 'शीणभाग' भेटतो. हिंदीतला पळण्याचा अर्थ मराठी गाण्यात घुसू देणं म्हणजे मुलांच्या हाती चुकीची भाषा देणं.

रानवाटा
आमच्याकडे साताऱ्याच्या बाजूला आजी रानातून आली की भारा टाकून उंबऱ्यावर टेकायची आणि म्हणायची, "लई भागले बाई." तो शब्द तिच्याबरोबर गेला. आता घरात सगळे दमतात नाहीतर कंटाळतात, भागत कोणीच नाही. दुसरं भागणं मात्र टिकलंय: तहान भागते, दोन भाकरीत भागतं, एवढ्या पगारात भागत नाही.

नीलकंठ
हिंदी अर्थ बाहेरून घुसला म्हणता, पण मुळाशी दोन्ही सख्खे आहेत. संस्कृत भग्न, प्राकृत भग्ग, म्हणजे मोडलेला. हिंदीत मोडलेलं सैन्य रणातून पळालं आणि 'भागा' झालं; मराठीत माणूस अंगातून मोडला आणि भागला. गरज भागणे, तहान भागणे हे मात्र मला 'भाग' म्हणजे वाटा, त्यावरून वाटतं. वाट्याला आलेलं पुरलं, म्हणजे भागलं.

अक्षरवेडा
मूळ एक असेल, म्हणून आजचे अर्थ एक होत नाहीत. 'शिक्षा'सुद्धा दोन्हीकडे आहे. हिंदीत शाळेत मिळते, मराठीत तुरुंगात.

फळा-खडू
तिसरी-चौथीला शिकवते. वर्गात याच ओळीवर एका मुलानं हात वर करून सांगितलं, "चांदोबाचा भागाकार झालाय, म्हणून तो अर्धा दिसतो." आदल्याच आठवड्यात भागाकार शिकवला होता आणि त्या दिवशी आकाशात खरंच अर्धी कोर होती. मी त्याला चूक म्हटलं नाही. आधी त्याचं ऐकलं, सगळ्या वर्गाला ऐकवलं, आणि मग भागणे म्हणजे दमणे हे सांगितलं. त्यावर त्यानंच विचारलं, "अर्धा झाल्यावर दमणारच ना?" बालकवितेबद्दल आपण मोठी माणसं जे बोलतो, त्यातलं इतकं नेमकं मी फार कमी ऐकलंय.

सायलीची आई
फळा-खडूताई, अगदी. मुलाच्या डोक्यात शब्द असाच उगवतो. पळणारा चांदोबा तरी कुठे खोटा आहे? एसटीच्या खिडकीत बसलेल्या कुठल्याही पोराला विचारा, झाडं मागे जातात आणि चांदोबा आपल्याबरोबर धावतो. ढग सरकले की तर तो पळतोच. लखनौच्या त्या मुलीनं काढलेलं चित्र मला फार आवडलं असतं. ठेवा ते.

अक्षरवेडा
सायलीची आई, मुलाची कल्पना आणि मोठ्यांचं अज्ञान यांत फरक करू या. मुलानं भागाकार म्हटला, ती कल्पना. पुस्तकात छापलेलं चित्र हे शिकवणं असतं. आणि पळालास म्हटल्यावर गाण्यातलं काय जातं ते बघा. पहिल्याच ओळीत लेकरू आभाळातल्या देवाला विचारतंय, बाबा रे, दमलास का? पाहुणा दारात आला की आपण पाणी देताना विचारतो तसं. म्हणून तर पुढे 'तूपरोटी खाऊन जा' येतं. पळणाऱ्याला कोणी जेवायला बोलावत नाही. मूल निरागस असतं म्हणजे त्याला काही कळत नाही असं नव्हे, त्याला चंद्राचीही काळजी वाटते. एवढं सगळं त्या एका क्रियापदात आहे.

पारिजात
हे पटलं. माझी अडचण नेमकी हीच होती, फक्त मला ती मांडता येत नव्हती. 'थकलास'नं अर्थ राहील, पण चाल बिघडते. 'भा' दीर्घ आहे. घास भरवताना आई तिथेच सूर लांबवते. 'थक' म्हणून बघा, लांबवायला जागाच नाही.

सायलीची आई
अक्षरवेडा, काळजीचं तुम्ही म्हणता ते सुंदर आहे, मान्य. पण हिंदी नको म्हणता, मग 'तूपरोटी'चं काय करायचं? तिथे पोळी करणार की भाकरी?

अक्षरवेडा
रोटी मराठीत जुनीच आहे. रोटीबेटी व्यवहार म्हणतो आपण. खंडोबाचा रोट आहे, एकनाथांच्या भारुडात भवानीआईला वाहायचा रोडगा आहे.

सायलीची आई
म्हणजे जुनं झालं की आपलं. मग आणखी पन्नास वर्षांनी पळणारा भागलासही आपलाच होईल. भाषा मुलांच्या तोंडून पुढे जाते, कोशातून नाही.

वऱ्हाडी पाखरू
मला वेगळंच विचारायचं आहे. लिंबोणी म्हणजे कोणतं झाड? आम्ही कडुनिंब समजत आलो. अंगणात बाजेवर पडलं की निंबाच्या फांद्यांतून चंद्र दिसायचा. लिंबाच्या झुडपामागे एवढा चंद्र लपेल कसा?

समुद्रकाठ
लिंबूच. रत्नागिरीकडे परसात, विहिरीच्या पाटाजवळ लिंबोणी असतेच. आणि मामाचा वाडा चिरेबंदी म्हटलंय, म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांचा.

रानवाटा
चिरा काळ्या दगडाचाही असतो. साताऱ्यात, वाईत वाडे बघा. वाडा म्हटला की तो देशावरचाच.

नीलकंठ
झाडाबद्दल एक तर्क. लिंबाचं झाड ठेंगणं. त्याच्यामागे चंद्र दिसायचा तर तो क्षितिजाजवळ हवा. पौर्णिमेचा चंद्र दिवेलागणीला उगवतो तेव्हा खाली असतो खरा, पण नुकताच उगवलेला भागेल कशाला? मुलाच्या जेवणाच्या वेळी खाली असणारा आणि मावळायला निघालेला चंद्र शुद्ध तृतीया-चतुर्थीचा. बारीक कोर, पश्चिमेला कललेली, दिवसभर उजेडात कोणाला न दिसता आभाळ चालून आलेली. तो खरोखर भागलेला असतो. म्हणून माझं मत लिंबूच, आणि चित्रात पूर्ण चंद्र न काढता कोर काढावी.

फळा-खडू
म्हणजे भागाकारवाला मुलगा बरोबर होता!

वऱ्हाडी पाखरू
तर्क छान आहे, पण 'लिंबोणीचं झाड करवंदी' याचं काय? लिंबू करवंदी कसा असेल? की चिरेबंदीला यमक हवं म्हणून?

अक्षरवेडा
यमकच. बडबडगीतात अर्थ शोधत बसू नये.

समुद्रकाठ
एवढ्यात सोडू नका. करवंदाची जाळी बघितली आहे का? दाट, काटेरी, आत ससा बसला तर बाहेरून दिसत नाही. लिंबोणीलाही काटे असतात. लपायला जागा कशी, तर करवंदाच्या जाळीसारखी. गाणं रचणाऱ्या बाईनं नुसतं यमक साधलेलं नाही, लपायची जागा बघून शब्द ठेवलाय.

सायलीची आई
किंवा रंग. रात्री झाड हिरवं दिसतच नाही, पिकल्या करवंदासारखं जांभळट काळं दिसतं. मुलं रात्रीचं झाड हिरवं रंगवत नाहीत, मोठी माणसं रंगवतात.

पारिजात
सगळ्यांचे आभार. चित्रकार मुलीशी बोललो. कोर, काळसर काटेरी झाड, आणि चांदोबा फांदीला टेकून बसलेला, असं नवं चित्र ती काढतेय. पळणारं चित्र पुस्तिकेच्या मागच्या पानावर ठेवायचं तिनं सुचवलंय, मुलांनी स्वतःच्या ओळी लिहायला. टीप द्यायची की नाही, ते अजून ठरत नाही.

अक्षरवेडा
मागच्या पानावरही नको. मुलं तेच लक्षात ठेवतील.

रानवाटा
करवंदांवरून विचारतो. फळ तोडून आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी, हा खेळ तुमच्याकडेही होता का? आमच्याकडे कोंबडा निघाला की जिंकलं. मावळातला एक मित्र उलटं सांगतो.

समुद्रकाठ
आमच्याकडे आधी बोलायचं, मग फोडायचं. बरोबर आलं तरच करवंद आपलं, नाहीतर समोरच्याचं.