मदत हवी आहे: मेकफाइल उबुंटूवर चालते, मॅकवर अडते

नमस्कार मंडळी,
आमच्या टीममध्ये नवीन कोणी आलं की त्याचा पहिला अख्खा दिवस मशीन सेट करण्यात जायचा. ते टाळायला मी मेकफाइल लिहिली, म्हणजे 'मेक' हा प्रोग्रॅम ज्यातल्या आज्ञा चालवतो ती फाइल. 'मेक सेटअप' टाइप करायचं, बाकी आपोआप. रेसिपीत, म्हणजे त्या कामाच्या आज्ञांत, तीनच ओळी आहेत: सीडी करून बॅकएंड फोल्डरमध्ये जाणं, तिथे व्हेन्व्ह (पायथनच्या लायब्रऱ्यांसाठी वेगळा फोल्डर) बनवणं आणि त्यातल्या पिपने (लायब्रऱ्या घालणारं टूल) रिक्वायरमेंट्सच्या फाइलमधलं सगळं इन्स्टॉल करणं.

मेक प्रत्येक ओळ वेगळ्या शेलमध्ये (आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चालवतं, त्यामुळे पहिल्या ओळीतलं सीडी दुसरीपर्यंत पोचत नाही, हे माहीत होतं. म्हणून फाइलमध्ये वर 'डॉट वनशेल' टाकलं, म्हणजे सगळ्या ओळी एकाच शेलमध्ये चालतात. माझ्या उबुंटू २२.०४ वर व्यवस्थित चालतं.

सोमवारी एक मुलगी रुजू झाली, तिला मॅक मिळालाय. तिच्याकडे पिप म्हणतं, फाइलच सापडत नाही. व्हेन्व्हचा फोल्डरही बॅकएंडच्या बाहेर तयार झालाय! वनशेलबद्दल ना एरर, ना वॉर्निंग. टॅब-स्पेस दोनदा तपासलं. आपल्याच हातून काही बिघडलं असं तिला वाटत होतं, त्याचं मला फार वाईट वाटलं. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
तिला 'मेक' पुढे 'डॅश डॅश व्हर्जन' देऊन बघायला सांगा. ३.८१ दिसेल. मॅकसोबत २००६ सालचं तेच येतं. वनशेल आलं २०१० च्या ३.८२ मध्ये. जुन्या मेकला ते डॉटने सुरू होणारं एखादं साधं टार्गेट (करायच्या कामाचं नाव) वाटतं, म्हणून ते गप्प बसतं. फोल्डर बाहेर झाला तो यामुळेच.

वनशेल काढा. तिन्ही ओळी दुहेरी अँपरसँडने (&&) जोडा, पहिल्या दोन ओळींच्या शेवटी बॅकस्लॅश द्या. दोन्हीकडे चालेल. आणि एक धोका तुमच्या उबुंटूवरही आहे: वनशेलमध्ये मधली ओळ फसली तरी शेल पुढे जातो, मेक फक्त शेवटचा निकाल बघतं. अँपरसँडने जोडलं की पहिल्या चुकीलाच थांबेल.

धागाकर्ता
अगदी ३.८१ च निघालं! जोडून पाहिलं, दोन्ही मशीनवर झालं. मनापासून आभार. होमब्रूने (मॅकवर प्रोग्रॅम घालायचं टूल) नवीन मेक घालून घ्यायला सांगू का?

प्रतिसाद १
नको. ते 'जीमेक' नावाने येतं, म्हणजे प्रत्येक नवीन माणसाला आणखी एक पायरी. त्यापेक्षा तो बाहेर झालेला व्हेन्व्ह आठवणीने डिलीट करायला सांगा, नाहीतर पुढे एडिटर तोच उचलेल.