टर्की खुडूक बसली आहे, सल्ला हवा

अनू: मंडळी, अमेरिकेतून टर्कीची बातमी. लाल माद्यांपैकी एक कुंपणाकडच्या झुडपात खुडूक बसली, म्हणजे अंडी उबवायला. खाली बारा-चौदा अंडी असतील. दुसरी मादी रोज तिच्याच कुशीत घुसून नवीन अंडं घालून जाते. आत्या, तू कोंबड्या रवणीला बसवायचीस, काय करू?

मोठी आत्या: दुसरीला आधी हाकल. एका रवणीत रोज ताजं अंडं पडत राहिलं की खेळ खलास. पहिली पिल्लं निघाली की आई त्यांना घेऊन चालू पडते. मागची अंडी अर्धवट वाढलेली, तशीच गार होतात.

अनू: हाकलली तरी परत येते गं.

मोठी आत्या: मग तिच्या खालच्या सगळ्या अंड्यांवर पेन्सिलीने गोल रेघ ओढ. रोज संध्याकाळी हात घालायचा, बिनरेघेचं असेल ते काढून घ्यायचं. पेनाची शाई नको, पेन्सिलच.

ठाण्याची वहिनी: हात घालायचा म्हणजे? चोच मारत नाही?

अनू: मारते ना वहिनी. फुसफुसते, फुगते, आधी वाटतं साप आहे. जाड हातमोजे घालते मी.

बाळूकाका: टर्की आपल्याकडे गोव्यातून आली बरं का. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीर बादशहाकडे पाठवली. बादशहाला इतकी आवडली की मन्सूरकडून चित्र काढून घेतलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. डोकं-मान सरड्यासारखी रंग बदलते असं बादशहाने स्वतः लिहून ठेवलंय.

अनू: काका, ते अगदी खरं. आमचा नर चिडला की डोकं लाल, निळं, पांढरं, मिनिटात तिन्ही.

पिंट्यादादा: अनू, नर मोकळा आहे का? घरट्यापासून लांब ठेव. बसलेल्या मादीच्या पाठीवर चढला तर अंडी फुटतात.

अनू: वेगळा बांधलाय. त्याच्या नखांनी एकीची पाठ सोलली होती, तिला कॅनव्हासचं खोगीर शिवून घातलंय. पंखांखालून दोन पट्टे, मागे मोकळं. दिसते अगदी लग्नातल्या घोडीसारखी.

ठाण्याची वहिनी: 😂😂 फोटो टाक

मोठी आत्या: फोटो नंतर. अनू, झुडपात कोल्हं येत नाही का?

अनू: येतं. कोल्हा, रॅकून, स्कंक, काळा साप, शिवाय घुबड. आपल्याकडे मुंगूस आणि रानमांजर असतं ना, त्याहून लांबलचक यादी आहे. म्हणूनच विचारतेय, मी तिला उचलून खुराड्यात नेऊ का?

मोठी आत्या: रात्री अंधारात ने. आधी दोन खोटी अंडी नव्या जागी ठेव, तिला त्यावर बसव, तोंडावर पोतं टाक. एक दिवस टिकली तर खरी अंडी खाली सरकव. मी किती कोंबड्या अशा हलवल्यात.

पिंट्यादादा: आत्या, कोंबडी हलवता येते, टर्की फार हट्टी. घरटं हललं की बऱ्याचदा बसणंच सोडते. माझ्या मते तिला हलवू नये, तिच्याभोवती जाळी उभी करावी.

मोठी आत्या: बसली नाही तर अंडी तुझ्याकडे पाठवते, तूच ऊब दे 😏

अनू: मीही दादाच्या बाजूने आहे. आधीच थंडी अजून पुरती गेलेली नाही, अंडी उघडी पडायला नकोत. कुत्र्याचा मोठा पिंजरा आहे, तो तळ काढून तिच्यावर उलटा घालता येईल. दिवसातून एकदा मोकळी सोडू.

मोठी आत्या: बरं, तसं करा. पण उठते का ती रोज? उठायलाच हवी.

अनू: एकदाच उठते. धावत जाते, धुळीत लोळते, दाणे टिपते, पाणी पिते आणि एक भलीमोठी घाण टाकते. लिंबाएवढी! वास असा की झुडपाजवळ उभं राहवत नाही. मग परत धावत.

मोठी आत्या: चांगली खुडूक आहे म्हणायची. घाण घरट्यात नाही टाकत ना? मग काही चिंता नाही.

बाळूकाका: किती दिवस बसणार?

अनू: २८. कोंबडीपेक्षा एक आठवडा जास्त, काका. आठव्या-दहाव्या दिवशी अंधारात बॅटरीवर धरून बघणार आहे. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठेवायचं, नुसतं पिवळट असेल तर बाजूला.

मोठी आत्या: गंदं अंडं वेळीच काढ. फुटलं तर वासाने कोल्हं थेट दारात. आणि पिल्लू टरफल फोडायला लागलं की मदतीला धावू नका. नखाने टरफल सोललं की रक्त येतं, मरतं ते. दिवसभर लागू दे.

ठाण्याची वहिनी: आणि भूक लागली तर?

पिंट्यादादा: वहिनी, अंड्यातला पिवळा बलक त्याच्या पोटात गेलेला असतो. दोन दिवस काही मिळालं नाही तरी चालतं. खरी गंमत त्यानंतर. कोंबडीचं पिल्लू लगेच टिपायला लागतं, टर्कीचं पिल्लू समोर दाणे असले तरी उपाशी मरू शकतं.

मोठी आत्या: असं कसं?

अनू: आत्या, त्यांना खाणं दाखवायला लागतं. आई असली तर ती चोचीने टिपून दाखवते. आई नसली तर मी बोटाने टकटक करते. दाण्यात आणि पाण्याच्या थाळीत रंगीत काचेच्या गोट्या टाकते. चकचकीत दिसलं की टोच मारतात, मारता मारता चोचीला पाणी लागतं. गोट्यांचा दुसरा फायदा म्हणजे पिल्लं थाळीत बुडत नाहीत.

मोठी आत्या: आणि खायला? तांदळाची कणी दे, वाळवीचं वारूळ फोडून दे. आमची पिल्लं वाळवीवर किती झपाट्याने वाढायची.

पिंट्यादादा: वाळवी म्हणजे प्रथिनंच की! पण कणीवर टर्की जगत नाही. तिला सुरुवातीला २८ टक्के प्रथिनांचं खाद्य लागतं, कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात फार तर वीस-बावीस. कमी पडलं की वाढ खुंटते.

मोठी आत्या: श्रीमंतांची कोंबडी आहे ही.

बाळूकाका: हो, गोव्याहून बादशहाकडे गेलेली!

अनू: 😄 आत्या, अंडं उकडून बारीक कुस्करून देणार आहे, ते चालेल ना?

मोठी आत्या: त्यांना त्यांचंच अंडं? बरं, चालतं गं. पिल्लं निघाल्यावर ओल्या गवतात सोडू नकोस मात्र. सकाळचं दव उतरलं की मगच. पोटाखालची लव भिजली की गारठून जातात, आईला कळतही नाही, ती पुढे चालत राहते.

पिंट्यादादा: हे सोन्यासारखं सांगितलंस आत्या. पहिल्या दहा दिवसांत बरीच पिल्लं भिजून आणि गारठून जातात.

अनू: आईने टाकली तर दिव्याखाली वाढवायची. पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. दिव्याखाली एकमेकांवर चढून ढीग केला तर थंडी आहे, कडेला पांगून माना टाकल्या तर गरम होतंय.

ठाण्याची वहिनी: अनू, शेजाऱ्यांच्या कोंबड्या तुमच्याकडे येतात ना? पिल्लांसोबत सोडल्या तर गंमत.

अनू: नको नको वहिनी. मी कोंबडी पाळतच नाही, त्याचं कारण ब्लॅकहेड रोग. कोंबडीच्या पोटात असतो, तिला काही होत नाही. तिच्या विष्ठेतल्या कृमींच्या अंड्यांतून मातीत जातो, वर्षानुवर्षं टिकतो. गांडूळ खाल्लं तरी टर्कीला लागतो. पिवळीधमक पातळ विष्ठा आली की समजायचं. इथे आता त्यावर मान्यता असलेलं औषध नाही, शेवटचं २०१५ अखेर बंद झालं.

मोठी आत्या: आमच्याकडे टर्की आणि कोंबड्या एकाच परड्यात फिरतात त्या गावच्या दुकानदाराकडे. काही झालं नाही.

पिंट्यादादा: नशीब त्याचं. शिवाय अनू, तळ्यावरचे बदक-हंस दूर ठेव. २०२२ पासून तिकडे बर्ड फ्लूने टर्क्यांचे मोठमोठे फार्म साफ झालेत. नवापूरला २००६ साली आपण पाहिलंय ना काय होतं ते.

अनू: तळं पलीकडच्या शेतात आहे. पण पाणी आणि खाद्य आता छपराखालीच ठेवते, वरून काही पडायला नको.

जावई: नमस्कार मंडळी. पिंजरा उलटा घातला. आता मोठ्या खुराड्याला बारीक छिद्रांची जाड जाळी ठोकतो. कोंबडीची षटकोनी जाळी नको म्हणतात इथे, रॅकून हात घालून पिल्लू ओढतो.

मोठी आत्या: जावईबापू, जाळी नुसती बाजूने लावू नका. खाली जमिनीत वीतभर पुरा आणि बाहेरच्या बाजूला दोन वीत आडवी पसरवून वर दगड ठेवा. खणणारा प्राणी भिंतीच्या मुळाशीच खणतो.

जावई: आडवी लावायची ते लक्षातच नव्हतं. आणखी एक गुंडाळी आणायला जातो.

मोठी आत्या: जाताना अनूला विचारा, पेन्सिल आहे ना घरात.