आजऱ्याचे घनसाळ करवीरच्या रानात रुळेल का?

करवीरचा शेतकरी (प्रश्न)

आमचे रान करवीर तालुक्यात पंचगंगेच्या काठाला आहे. चार वर्षांपूर्वी आजऱ्याच्या मावशीकडून घनसाळ भाताचे पायलीभर बी आणून पाच गुंठ्यांत लावले. भात निसवले, लोंब्याही भरल्या. पण मावशीकडे भात शिजताना जो वास चुलीपासून सोप्यापर्यंत येतो, तो आमच्याकडे पातेल्याचे झाकण काढल्यावर जेमतेम जाणवतो. तेव्हापासून दरवर्षी त्याच तुकड्यातले बी राखून पुन्हा लावतो आहे. वडिलांचे म्हणणे असे, की दहा-बारा वर्षांत बियाला इथल्या मातीची सवय होईल. सजीव पिढ्यानपिढ्या आपल्या परिसराला अनुरूप होत जातात, असे शाळेत शिकलो होतो. मग माझे घनसाळही तसे होईल का?

निवृत्त प्राध्यापिका, वनस्पतिशास्त्र

आपल्या वडिलांचा 'सवय' हा शब्दच इथे तपासून पाहावा लागेल. एकच रोप ऊन, पाणी, माती यांप्रमाणे आपली वाढ बदलते, ही झाली सवय. ती त्या रोपाबरोबर संपते. समूह परिसराला अनुरूप होतो तो वेगळ्या वाटेने: त्यातल्या झाडांमध्ये आनुवंशिक फरक आधीपासून असावे लागतात आणि त्यांपैकी काहींची बीजे त्या जागी इतरांपेक्षा जास्त टिकावी लागतात. निवडायला फरकच नसेल, तर दहा काय, शंभर वर्षे लावूनही काही बदलणार नाही.

भाताची अडचण नेमकी हीच आहे, कारण ते बहुतांशी स्वपरागित पीक आहे, म्हणजे फुलातल्या स्वतःच्याच परागाने बी धरते, त्यामुळे एका वंशात फरक फारसे उरत नाहीत. डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म योहानसेन यांनी १९०३ मध्ये घेवड्यावर हे दाखवून दिले होते. एकाच स्वपरागित झाडाच्या वंशातले मोठे दाणे आणि लहान दाणे पिढ्यानपिढ्या वेगळे निवडून पेरले, तरी पुढच्या पिढीच्या दाण्यांच्या सरासरी वजनात फरक पडला नाही. दाणे लहानमोठे होते हे खरे, पण तो फरक शेंगेतल्या जागेचा आणि पोषणाचा होता, वंशाचा नव्हता. आपले बी जर असे एकाच वंशाचे असेल, तर ते आहे तसेच राहील; मावशींच्या घरचे जुने, मिसळीचे बी असेल, तर मात्र थोडीफार आशा आहे.

वासाबद्दल सांगायचे, तर बासमतीसारख्या सुवासिक भातांत एक जनुक निकामी झालेले असते आणि त्यामुळे वास देणारे द्रव्य दाण्यात साठते. पण ते किती साठेल हे दाणा भरतानाच्या हवामानावरही ठरते. त्या दिवसांत हवा थंड असेल तर वास चांगला उतरतो. म्हणजे आपल्याकडे बी बिघडले, असे मानण्याचे कारण नाही.

करवीरचा शेतकरी

बाई, मनापासून आभार. पण मग निसर्गात हे घडते तरी कसे? तिथे तर कोणी बी निवडत नाही.

गवताचा अभ्यासक

वेल्समधल्या जुन्या खाणींच्या राडारोड्यावर जस्त-शिसे इतके असते, की साधे गवत तिथे मूळ धरत नाही. तरीही काही जातींचे गवत तिथे उगवले आहे. बाजूच्या कुरणातले बी त्या मातीत पेरले, तर बहुतेक रोपे मरतात आणि हजारोंतली दोन-चार जगतात. समूह तयार होतो तो त्यांच्यापासून. ती माती सोसण्याची ताकद कुरणातल्या थोड्या झाडांत आधीच होती, खाणीने ती शिकवली नाही. हे गवत वाऱ्यावर परागित होते, त्यामुळे कुरणातले पराग सतत येऊन मिसळतात. तरी निवड इतकी कडक, की खाणीच्या हद्दीपासून काही मीटरांत समूह बदललेला दिसतो. शिवाय खाणीवरचे गवत थोडे आधी फुलते, म्हणजे शेजाऱ्यांशी संकर आपोआप कमी होतो.

शिरोळकर

रान नदीकाठी आहे म्हणून पुराचेही लिहितो. २०१९ आणि २०२१ चे पूर आपल्यापैकी कोणीच विसरलेले नाही. ओडिशातल्या एका जुन्या भातात पूर सोसणारे जनुक सापडले; 'सब१ए' या नावाने ते २००६ मध्ये जगापुढे आले. ते असलेले रोप पाण्याखाली गेले की वाढ थांबवते, साठा जपते आणि साधारण दोन आठवडे तग धरून पाणी ओसरल्यावर पुन्हा फुटते. बांगलादेशातले खोल पाण्याचे भात याच्या अगदी उलट वागते: पाणी चढेल तसे कांडे लांबवत दिवसाला वीस सेंटिमीटरपर्यंत वाढते, कारण तिथे पाणी महिनोन्महिने हटत नाही. आठ दिवसांच्या पुरात असे वाढणारे भात पाणी ओसरल्यावर आडवे पडेल आणि चार महिन्यांच्या पुरात थांबून राहणारे कुजेल. आमच्याकडे पाणी नेमके किती दिवस थांबते, हे मोजल्याशिवाय कोणते बी बरे ते सांगता येत नाही.

निवृत्त प्राध्यापिका, वनस्पतिशास्त्र

शेतकरीदादा, आपल्याला खरेच पडताळायचे असेल, तर मावशींना आणखी थोडे कष्ट द्या. आपल्या शेजारपाजारच्या घरचे जुने स्थानिक भात आणि मावशींचे घनसाळ, दोन्ही आपल्या रानात लावा आणि दोन्ही त्यांच्या रानातही लावा. क्लॉसेन, केक आणि हीझी या वनस्पतिशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियात समुद्राजवळच्या आणि उंच डोंगरावरच्या झाडांची अशीच अदलाबदल करून पाहिली होती. प्रत्येक जागी तिथलेच बी सरस ठरले, तरच अनुरूपता म्हणायची. एकच बी दोन्हीकडे जिंकले, तर ते फक्त जोमदार आहे. एक पथ्य मात्र पाळा: दोन्ही बियाणी आधी एक हंगाम एकाच रानात वाढवून मग त्यांचे बी वापरा, कारण भरल्या दाण्याचे रोप सुरुवातीला उगीचच पुढे दिसते.