पंख्याचा आवाज लावून भागत नाही ओ

ऑफिसात शेजारच्यांचं बोलणं कानावर येऊन त्रास होतो, त्यावर वर एका दादांनी लिहिलंय की मोबाईलवर व्हाइट नॉइज (पंख्यासारखा एकसुरी खरखराट) लावून स्पीकर मोठा करा, ते आम्ही बेळगावच्या उद्यमबागेतल्या ऑफिसात करून बघितलं, दोन दिवसांत डोकं उठलं सगळ्यांचं. त्यापेक्षा साउंड मास्किंग वेगळं, म्हणजे ऑफिसभर मुद्दाम सोडलेला हलका, एकसारखा आवाज; त्यानं बाकीचा आवाज बंद होत नाही, शेजारच्याचे शब्द कळेनासे होतात एवढंच, आणि खरा त्रास त्या शब्दांचाच की! त्यात आम्हाला मराठी कळतंय, कन्नड पण कळतंय, म्हणजे दोन्हीकडचे फोन कानात. व्हाइट नॉइज कानाला टोचतो, मास्किंगचा आवाज वरच्या, तीक्ष्ण पट्टीत हळूहळू कमी केलेला असतो, एसीच्या हवेसारखा. लेव्हल साधारण 40 ते 48 डेसिबल, त्याच्या वर नेलात तर माणसं अजून मोठ्यानं बोलणार. स्पीकर बहुतेक वेळा फॉल्स सीलिंगच्या वर असतात, म्हणजे आवाज सगळीकडे सारखा पसरतो, पण आमच्यासारखा नुसता पत्रा असेल तर वेगळी सोय बघावी लागते. (जुलैत त्या पत्र्यावर पाऊस सुरू झाला की कुण्णाचं कुणाला ऐकू येत नाही, ते फुकटचं मास्किंग, जरा जास्तच होतंय एवढंच.) आणि आधी पडदे, कार्पेट, अकूस्टिक पॅनेल लावा, उघड्या फरशीवर नुसतं मास्किंग अर्धंच काम करतंय बघा.