नागपूरच्या उन्हाळ्यात फॅन्सी गोल्डफिशला काय घालायचं? सल्ला हवा

धंतोलीकर

नमस्कार मंडळी. घरी साडेतीन फुटी टाकी आहे. त्यात दोन ओरांडा, एक रयुकिन आणि एक ब्लॅक मूर, सगळे आखूड, गोलमटोल अंगाचे गोल्डफिश. पोरीच्या हट्टापायी आणले आणि रीतीप्रमाणे आता त्यांचं सगळं मी आणि सासूबाई पाहतो. सध्या खाणं म्हणजे दुकानातले लाल-हिरवे तरंगते दाणे, सकाळ-संध्याकाळ. शिवाय दुपारी सासूबाई पोळीचा चुरा टाकतात. "मुका जीव काचेपाशी येऊन तोंड वासतो, तुम्हाला दिसत नाही का?" यावर माझ्याकडे उत्तर नसतं.

रयुकिन खाणं झालं की शेपटी वर, डोकं खाली असा काही वेळ हिंदकळतो, मग सरळ होतो. पाणी तपासलं तर अमोनिया, नायट्राइट ही दोन्ही विषारी द्रव्यं शून्य येतात. म्हणून संशय खाण्यावर. त्यात एप्रिल लागलाय, कूलर सुरू असूनही दुपारी टाकीचं पाणी ३१ अंश दाखवतं. नागपुरात ज्यांनी हे मासे दोन-चार उन्हाळे टिकवलेत त्यांनी सांगा, काय, किती आणि कधी घालता? इंटरनेटवरचे सल्ले सगळे थंड देशातले, "झुकिनी द्या" वगैरे.

रांचूवेडा_मानेवाडा

तरंगते दाणे बंद करा, निम्मं काम तिथेच होईल.

गोल्डफिशला जठर नसतं. घशातल्या दातांनी भरडलेलं अन्न सरळ लांब आतड्यात जातं. साठवायला जागाच नाही, कारण हा मुळात दिवसभर तळ चाळत थोडं थोडं खाणारा मासा. लांबट साध्या गोल्डफिशमध्ये ते आतडं ऐसपैस बसतं. रयुकिन, ओरांडा, पर्लस्केल यांचं शरीर माणसाने निवडून निवडून आखूड केलंय, त्यामुळे तेच सगळं मूठभर जागेत दाटीने भरलेलं असतं. शिवाय त्याची हवेची पिशवी अन्ननलिकेला नळीने जोडलेली. वरचा दाणा टिपताना तो हवाही गिळतो आणि मग तुम्ही म्हणता तसा उलटा हिंदकळतो.

बुडणारे, बारीक दाणे घ्या. पाकिटाच्या मागचा मजकूर वाचा: पहिल्या दोन-तीन घटकांत फिश मील (माशांची पूड), झिंगे, स्पिरुलिना (हिरवं-निळं शेवाळ) असं काही हवं, गव्हाचं पीठ नको. मोठ्या माशांना प्रथिनं ३० ते ३५ टक्के पुरतात, पिल्लांना जास्त लागतात. टाकण्याआधी टाकीच्याच पाण्यात मिनिटभर भिजवा. भिजवल्याने सगळे आजार टळतात असं मी म्हणणार नाही, लोक तो मुद्दा फार ताणतात, पण दाणा मऊ होतो आणि पटकन बुडतो एवढं खरं. मिनिट-दोन मिनिटांत संपेल एवढंच टाका आणि दोनदा भरपूर देण्याऐवजी तीनदा चिमूटभर द्या.

आणखी एक, सुटे दाणे घेऊ नका. काही दुकानांत मोठी गोणी फोडून पारदर्शक पिशव्यांत भरून ठेवतात. व्हिटॅमिन सी हवेने आणि उष्णतेने झपाट्याने उडतं, आणि मे महिन्यातल्या पत्र्याच्या दुकानात काय उरत असेल ते समजून घ्या. लहान सीलबंद पाकीट आणा, घट्ट झाकणाच्या डबीत फ्रिजमध्ये ठेवा.

इतवारीकर

तोंड वासणं म्हणजे भूक नाही नं बाप्पा! आमचा ओरांडा आत्ताच खाल्लं असलं तरी माणूस दिसला की नाचून राहतो. घरून जेवून निघालेला नागपूरकर तर्री पोह्याच्या ठेल्यापाशी थांबतोच की नाही, तसंच ते. सासूबाईंना सांगा.

गोरेवाडा_रोड

रयुकिनला एक-दोन दिवस उपास, नंतर उकडलेला मटार, साल काढून. रामबाण उपाय, आमच्याकडे कधी फसला नाही. आता ताजा मटार महाग असेल तर फ्रोजन चालतो.

मत्स्यविज्ञानवाली

उपास बरोबर. मटार रामबाण मात्र नाही. त्यात तंतू आहेत तसा स्टार्चही बराच आहे. मासा बरा होतो तो बहुतेक वेळा उपासाने, आणि नाव मटाराचं होतं. पोट साफ व्हायला डाफ्निया (पाण्यातला अगदी बारीक, कवचाचा जीव) जास्त उपयोगी, त्याचं कायटिनचं कवच पचत नाही, ते आतडं पुढे ढकलतं. आणि मासा उपासानंतरही सतत तरंगत किंवा तळाला पडून राहिला तर ते खाण्याचं दुखणं नसेलही. संसर्ग असू शकतो किंवा पिशवीतच जन्मतः दोष. धंतोलीकरांचा रयुकिन सरळ होतो आहे, म्हणून घाबरण्यासारखं वाटत नाही.

उन्हाळ्याबद्दल मात्र नीट ऐका. पाणी तापलं की माशाची भूक आणि चयापचय दोन्ही वाढतात, आणि नेमका तेव्हाच पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशाला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. पचनालाही ऑक्सिजन लागतो. त्यामुळे भर दुपारी पोटभर खाल्लेला मासा संध्याकाळी वर येऊन धापा टाकतो. शिवाय विष्ठा आणि उरलेल्या दाण्यांतून अमोनिया होतो, आणि पाणी जितकं गरम तितका त्याचा विषारी भाग जास्त. मे महिन्यात पहिलं खाणं सकाळी पाणी त्यातल्या त्यात गार असताना द्या, शेवटचं दिवे घालवण्याच्या तास-दोन तास आधी. ११ ते ५ काहीही नाही. पोळीचा चुरा तर कधीच नाही: पीठ पाण्यात विरघळतं, पाणी गढूळ होतं आणि माशाला त्यातून मिळत काही नाही. एअर पंप रात्री बंद करू नका.

हिवाळ्यात उलटं. डिसेंबरात घरातलं पाणी १५-१६ अंशांवर आलं तर दिवसातून एकदाच द्या, सहज पचणारं, व्हीटजर्म (गव्हाचा अंकुर) असलेलं. १० अंशांच्या खाली खाणं थांबवायचं असतं; बाल्कनीत किंवा गच्चीवर टाकं असेल तरच आपल्याकडे ती वेळ येते.

धंतोलीकर

मटारचा वाद वाचून मजा आली. उपास सुरू केलाय, सासूबाई माझ्याशी बोलत नाहीयेत. आता विविधतेचं सांगा. दाण्यांशिवाय घरचं काय देता येईल? आणि कूलरच्या टाकीत डासांच्या अळ्या झाल्यात, त्या म्हणे उत्तम खाद्य असतं?

रांचूवेडा_मानेवाडा

अळ्या खाद्य म्हणून उत्तमच, पण त्या मुद्दाम वाढू देऊ नका. डेंगीचा डास कूलरच्याच स्वच्छ पाण्यात होतो, तपासणीला मनपाची माणसं आली तर वेगळंच प्रकरण. पाणी आजच ओता, आठवड्याला कूलर कोरडा करा.

नाल्यातले जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) तर कोणी फुकट दिले तरी नको, ते घाणीतच वाढतात आणि रोग घेऊन येतात. ब्लडवर्म (लाल अळ्या), आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक झिंग्यासारखे जीव) फ्रोजन घ्या, आठवड्यातून एक-दोनदा. वाळवलेले ब्लडवर्म हाताळताना काहींना शिंका, खाज सुटते, चिमटा वापरा. घरामागे गांडूळखताचा खड्डा असेल तर बारीक कापलेलं गांडूळ, धुऊन. ओरांडा त्यासाठी वेडे होतात.

मत्स्यविज्ञानवाली

घरचं करायचं तर जेली फूड, म्हणजे जेलीत घट्ट केलेलं खाद्य, करा. पाककृतींत सगळीकडे जिलेटिन लिहिलेलं असतं. आपल्याकडे उन्हाळ्यात ते चालत नाही: जिलेटिन ३०-३५ अंशांना वितळतं, म्हणजे तुमच्या ३१ अंशांच्या टाकीत त्याचं सूप होणार. चायना ग्रास वापरा. ते एकदा घट्ट झालं की ८५ अंशांच्या आसपास जाईपर्यंत वितळत नाही.

माझं प्रमाण अंदाजाचंच आहे. १० ग्रॅमचं चायना ग्रासचं पाकीट पाव लिटर पाण्यात भिजवून उकळून पूर्ण विरघळवायचं. दुसरीकडे सोललेले झिंगे आणि काटे काढलेला मासा (मंगळवारी बाजारातून जो मिळेल तो) वाफवून, वाफवलेला पालक, थोडं गाजर, चमचाभर स्पिरुलिना पावडर, सगळं मिक्सरमधून थोड्या पाण्याबरोबर बारीक. दोन्ही मिळून अर्धा लिटरच्या आसपास व्हावं. मासा कच्चा घालू नका, बऱ्याच कच्च्या माशांत थायामिनेज असतं, ते व्हिटॅमिन बी१ मोडतं. शिजवलं की ते निष्प्रभ होतं. चायना ग्रास थोडं निवलं, पण घट्ट व्हायच्या आत, की त्यात हे मिसळा, ताटलीत पातळ पसरा, बारीक तुकडे करून फ्रीझरमध्ये. फ्रीझरमधून काढल्यावर थोडं पाणी सुटतं, हरकत नाही. मीठ, हळद, फोडणी काही नाही. चिकन-मटणाची चरबी आणि कलेजीही नको, ती या माशांना पचत नाही.

आणि ओरांड्याचा लाल रंग टिकवायचा प्रश्न पुढे येईलच. मासा तो रंग स्वतः तयार करू शकत नाही, खाण्यातल्या कॅरोटिनॉइड्स या रंगद्रव्यांमधून घेतो. म्हणून स्पिरुलिना, झिंगे, गाजर. झेंडूच्या पाकळ्यांची पावडरही खाद्यात घालतात, पण हारातली फुलं वापरू नका, फवारणी असते.

गोरेवाडा_रोड

मटारचा मुद्दा मी सोडत नाही, पण हिरव्यासाठी अझोला सांगतो, पाण्यावर तरंगणारी बारीक वनस्पती. आपल्याकडे शेतकरी गुरांना घालतात, ओळखीच्या कोणाकडे मूठभर मिळेल. सावलीत टबात वाढवा, नागपूरच्या उन्हात उघड्यावर जळून जातो. धुऊन टाका. तो तरंगतो हे खरं, पण मासे दिवसभर टोचत राहतात, एकदम गिळत नाहीत. शिवाय पालक, काकडी, दुधी वाफवून. भाजी आधी मिठाच्या पाण्यात आणि मग साध्या पाण्यात धुवा.

इतवारीकर

सासूबाईंना अझोल्याचा टब सोपवून टाका. पोळीच्या वेळेला दुपारी चिमूटभर हिरवं टाकायचं काम त्यांचं. मन पण राहील, मासे पण.

मत्स्यविज्ञानवाली

दुपारचं ११ ते ५ मी म्हटलं ते दाण्यांबद्दल. चिमूटभर अझोल्याने काही बिघडत नाही, फक्त उरलेला कुजू देऊ नका.

धंतोलीकर

टब आणला, बोलणं पूर्ववत झालं. रयुकिन उपासानंतर सरळ पोहतोय, आता बुडणारे दाणे सुरू केलेत. शेवटचा प्रश्न: पुढच्या आठवड्यात अमरावतीला लग्न आहे, चार दिवस घर बंद. दुकानदार ते पांढरे "व्हेकेशन ब्लॉक", म्हणजे टाकीत हळूहळू विरघळणाऱ्या खाद्याच्या वड्या, घ्या म्हणतोय.

रांचूवेडा_मानेवाडा

नको. ते विरघळून पाणी खराब करतात आणि ते सुधारायला घरी कोणी नसणार. धडधाकट मोठा गोल्डफिश आठवडाभर न खाता सहज राहतो. निघायच्या आदल्या दिवशी २५ टक्के पाणी बदला, क्लोरिन काढून. पंप चालू, खिडकीचा पडदा ओढलेला. शेजाऱ्यांकडे किल्ली द्याल तर दाण्यांची डबी मात्र सोबत घेऊन जा, नाहीतर तेही दया येऊन मूठभर टाकतील.